ऐरणीवरची हाक

भाट पेडगावहून पायी आला. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या दंगलीत एसट्या बंद होत्या, पण बारा वर्षांनी एकदा उगवणारा माणूस असल्या कारणानं थोडाच अडतो! बन्सीधर लोहारानं भट्टीपुढं घोंगडी अंथरली. भाटानं वही उघडून घराण्याची वंशावळ वाचली. पणजा सटवाजी, त्याचा लेक, त्याचा लेक.

आत भाकरी थापता थापता बन्सीधरच्या बायकोनं, धुरपताबाईनं विचारलं, "आन् पणजीचं नाव?"

"बायांची नावं वहीत नसतेत, काकू."

आतली थापथाप थांबली. बन्सीधरनं आत डोकावून बघितलं. चाळीस वर्षं त्याच्या बायकोनं समोर उभं राहून घण मारला होता, आणि तीही अशीच पुसली जाणार होती.

पणजीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या काळी आईबापांदेखत बायकोला हाक मारायची म्हणजे केवढी लाज! म्हणून सटवाजी ऐरणीवर हातोडी वाजवायचा. टण टण, जरा थांबून टण. की पणजी पिठाच्या हातानं घण उचलायला हजर. लेकरांना ती आई, सुनांना आत्याबाई, गावाला लोहारीण. नाव घ्यायला उरलंच कोण? ती गेल्यावरही म्हातारा रोज दिवेलागणीला तेच तीन ठोके द्यायचा आणि दाराकडं बघत बसायचा. पुढं घरातल्या प्रत्येक लोहारानं बायकोला असंच बोलावलं. बन्सीधरनंही.

"भाटबुवा, हिचं नाव लिवा," तो म्हणाला. "न्हाई तर माजं बी खोडा."

भाटानं त्याच्याकडं बघितलं आणि टाक उचलला. "सांगा मग. पन तुमच्याच तोंडानं. घरच्या मानसानं सांगितल्याबिगर मी लिवत न्हाई."

झाली का पंचाईत! लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव त्याच्या ओठावर कधी आलंच नव्हतं. कान तापले. हात सवयीनं हातोडीकडं गेला, तो त्यानं मागं घेतला.

"धुरपता!"

पुटपुटायचं होतं, पण आवाज भट्टीवरचा. साऱ्या आळीला ऐकू गेला.

धुरपताबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. नवऱ्याच्या पलीकडं तिनं गल्लीत बघितलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"कोन हाक मारायलाय मला?"

भाट खाली मान घालून लिहीत राहिला. बन्सीधरनं हातोडी घेतली. टण टण, जरा थांबून टण.

धुरपताबाई त्याच्याकडं वळली आणि बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"तसं न्हाई," ती हळूच म्हणाली. "मगाशी म्हनलं तसं म्हना."