भट्टीची नाडी

"विश्वातला प्रत्येक अग्नी माझा गुलाम आहे!" भट्टीबाबांनी गर्जना केली, चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजली म्हणून कप खाली ठेवला.

भोवती जमलेल्या साठ-सत्तर कामगारांना यात काही खटकलं नाही. मी त्या कारखान्यात जावयाचा विसरलेला चष्मा पोचवायला गेलो होतो. निवृत्त माणसावर घरचे याहून मोठी कामगिरी सोपवत नाहीत.

समोर दोन मजली उंच भट्टी, आतून लालबुंद. आत कार्बन मोनॉक्साइड असताना दार उघडलं, की बाहेरची हवा आत घुसते आणि स्फोट होतो. म्हणून एक बारीक नळी आतला वायू ओढून भिंतीवरच्या मीटरला पुरवते. काटा शून्यावर आला की दार उघडायचं. उघडणारा माझा जावई.

भट्टीत नायट्रोजनचा झोत सोडून आतला वायू हुसकायला पाऊण तास लागतो. बाबा तेच काम दोन मिनिटांत करत, त्यामुळे मालकांची भक्ती दिवसेंदिवस वाढत होती.

"हिची नाडी बघू," म्हणत बाबांनी शालीआडून नळीचा सांधा धरला. "सगळ्यांनी काट्याकडे पाहा! अगं कोपिष्टे, किती फणफणशील? शांत हो!"

काटा थरथरला. अकरा... सहा... शून्य. टाळ्यांचा कडकडाट.

"उघड रे दार," मालक म्हणाले. जावयाने दाराच्या कळीवर हात ठेवला.

"थांबा!"

ओरडल्या त्या इंजिनिअर बाई. भट्टीच्या दोन्ही अंगांना, समोरासमोरच्या काचेच्या खिडक्यांत, त्या गेले चार दिवस वायू मोजणारा लेझर बसवत होत्या. "आत अकरा टक्के वायू आहे."

"अहो, काटा शून्यावर आहे!"

"लेझर अकरा दाखवतोय."

"तुमचं यंत्र नास्तिक आहे," बाबा करुणेने म्हणाले.

"असेल. पण त्याची नजर भट्टीच्या आत आहे."

"वेळ घालवू नकोस," मालक जावयावर खेकसले. पोराचा हात कळीवरच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, काय करू?"

लग्नाला सहा वर्षं झाली, त्याने माझा सल्ला पहिल्यांदाच विचारला होता.

"हात काढ," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या खिशातल्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला आणि नळीच्या सांध्याजवळ धरला. कागद जळवेसारखा नटाला चिकटला.

"नट ढिला आहे. नळी बाहेरची हवा ओढतेय. काटा भट्टीची नाही, आपल्याभोवतीची हवा मोजतोय." त्यांनी पान्याने नट आवळला. काटा निमूट वर चढत अकरावर जाऊन थांबला.

सगळ्यांनी आता बाबांचा हात पाहिला. अंगठ्याला ताजं ग्रीस होतं.

"मग तुमचा लेझर कसा फसला नाही?" मालकांनी विचारलं.

"या खिडकीतून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, समोरच्या खिडकीत पोचतो. वाटेत हा वायू त्यातला थोडा गिळतो. जितका वायू जास्त, तितका प्रकाश कमी पोचतो. नळीच नाही, तर नाडी कुठली धरणार?"

"पण आधी चार वेळा दार उघडलं, काही झालं नाही!"

"तेव्हा आत वायू कमी असणार. त्याला नशीब म्हणतात. ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

कुणी हसलं नाही. चारही वेळा कळ दाबणारा जावई खाली बसला होता.

वाचकहो, चमत्कार दिसला की टाळी जरूर वाजवा, पण आधी करणाऱ्याच्या हाताकडे बघा. एका मापावर शंका आली तर दुसऱ्या मापाने पडताळा. आणि उद्या लेझरलाही हार घालू नका. त्याच्या काचा तेवढ्या पुसत जा, काजळी धरते.

नायट्रोजनचा झोत सुरू झाला. पाऊण तास थांबायचं ठरलं. भट्टीबाबांनी शाल आवरली आणि हळूच बाईंच्या कानाशी लागले.

"ताई, एवढंच करा. मी फाटकाबाहेर पोचेपर्यंत ते दार उघडू नका."