जुवाला बांधलेली बर्फफळी

मी एक फळी बोलते आहे. दाराची नव्हे, पाटाची नव्हे; बर्फावरून घसरत जाण्यासाठी घडवलेली, माणसाच्या उंचीहून लांब आणि पुढून नाकासारखी वर वळलेली. थंड देशांत मला स्की म्हणतात. जळकोटात मला ‘चाँदपाशाची फळी’ म्हणतात. ज्या गावात गारा पडल्या तरी त्यांची आठवण पुढे कित्येक वर्षे निघते, त्या गावात मी खातूनबींच्या घराच्या कोपऱ्यात उभी आहे. हे कसे घडले ते सांगायचे आहे. कारण माझा एक निरोप आहे आणि तो तुमच्यापैकी कोणीतरी पोहोचवावा, अशी माझी इच्छा आहे.

माझा जन्म इटलीच्या डोंगरात, दुसऱ्या महायुद्धातल्या एका हिवाळ्यात झाला. त्याआधी मी एका खेचरगाडीचा तळ होते. तोफगोळ्याने गाडी मोडली, खेचर मेले आणि तळाच्या फळ्या बर्फात पडून राहिल्या. कॅनडाच्या पलटणीतल्या वॉल्टर नावाच्या शिपायाने त्या उचलल्या, तासल्या, लंगरखान्याच्या कढईवर वाफवून त्यांची टोके वाकवली आणि त्यातून आम्ही दोघी बहिणी झालो. मोडलेल्या वस्तूतून काही घडवावे असे माणसाला लढाईच्या ऐन मध्यावर सुचते, याचे मला अजूनही नवल वाटते.

शेजारीच हिंदुस्थानी फौजेचा तळ होता. तिथे मालमोटार हाकणारा एक ड्रायव्हर होता: जळकोटचा चाँदपाशा. त्याची मोटार बर्फात रुतली, वॉल्टरने ती ढकलायला हात लावला, आणि ओळख झाली. मग कधी तोफा थंडावल्या की वॉल्टर त्याला आमच्यावर उभा करी. चाँदपाशा पडे, उठे, पुन्हा पडे. एका दुपारी तो पडला नाही. उतारावरून खालपर्यंत आला आणि लहान मुलासारखा ओरडला. त्या ओरडण्यातला आनंद मी पुढे कित्येकदा आठवला. कारण त्या डोंगरात तेव्हा ओरडण्याची बाकीची सगळी कारणे वाईट होती.

ताटातुटीच्या वेळी एखादी वस्तू दोघांत वाटून घ्यायची आणि पुन्हा भेटीच्या दिवशी ती जोडायची, ही चाल फार जुनी आहे. कुठे अंगठी मोडतात, कुठे नाणे. वॉल्टरने आमची जोडी फोडली. तापवलेल्या तारेने माझ्या पाठीवर ‘वॉल्टर, बॅन्फ’ असे आपले नाव नि गाव डागले आणि तार चाँदपाशाच्या हाती दिली. त्याने माझ्या बहिणीच्या पाठीवर उर्दू अक्षरांत ‘जळकोट’ लिहिले. वॉल्टर म्हणाला, “लढाई संपली की तुझ्या दोस्तांना घेऊन सुट्टीवर ये. आमच्या डोंगरात मनसोक्त घसरू. ही जोडी लागेपर्यंत मीही घसरणार नाही.”

परत येताना बोटीवर चढण्याआधी एका अधिकाऱ्याने विचारले, हे काय? चाँदपाशाने सांगितले, मोटार चिखलात रुतली की चाकाखाली घालायची फळी. मला तेव्हा तो अपमान वाटला होता.

खातूनबी, म्हणजे चाँदपाशाची आई. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगे माँ! बहू लाने कू बोली थी रे मैं, तू लकडी लाया?”

“अम्मा, ये चुप रहती.”

“हौ, और खाती भी नै. कोने में खडी कर.”

अशी मी या घरात आले. अनोळखी वस्तूला लोक आधी नाव देतात, मग नाते, आणि मग मान. महिन्याभरात मी ‘फळी’ झाले, शेजारणींच्या थट्टेत ‘खातूनबींची सून’ झाले, आणि दर गुरुवारी खातूनबी ऊद जाळत फिरत तेव्हा धुराचा एक वेढा माझ्याभोवतीही पडू लागला. खंडेनवमीला बिभीषण सुतार मला उचलून आपल्या घरी नेई आणि वाकस-किकऱ्यांसारख्या आपल्या हत्यारांच्या रांगेत मांडून हळदकुंकू लावी. खातूनबींनी त्याला कधी हरकत घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्या ओल्या फडक्याने मला पुसत. पण कुंकवाचा एक ठिपका मुद्दाम राहू देत.

बिभीषण आणि रेवणप्पा हे चाँदपाशाचे बालमित्र. रेवणप्पाचे हमरस्त्याला लागून किराणा दुकान होते. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग आणि तोंडात सदैव एखादा टोमणा. त्याच्या ओट्यावर कॅनडाच्या सुट्टीचे बेत चालत. मी तिथे भिंतीला टेकून असे, कारण बेताला साक्षीदार लागतो.

“बर्फावर घसरायला सात समुद्र कशाला?” रेवणप्पा म्हणे. “माझ्या दुकानापुढं केळीची सालं टाकतो. फुकट घसरा.”

“अप्पा, तू पाहिलं नाहीस,” चाँदपाशा म्हणे. “पाय हलत नाही अन् डोंगर मागं पळतो.”

“ज्वारी मिळती का तितं?”

“न्हाय मिळत.”

“मग पीठ न्यावं लागंल. अन् कारळाची चटणी. तुझा वालटर खाईल का चटणी?”

“खाईल. अन् रडंल.”

बिभीषण कमी बोलणारा. तो माझ्याकडे बघत बसे. एकदा एवढेच म्हणाला, “ही एकली हाय. एकल्या बैलावर कुनी गाडी जुपत न्हाय. सराव करायचा तर हिला जोड लावाय पायजे.”

आणि त्याने जोड लावली. बाभळीला तो हात लावीना. ती वाकत नाही, मोडते. त्याने धामणीचे लाकूड आणले, ज्याची कावड करतात. उसाच्या गुऱ्हाळावर काहिलीच्या वाफेत त्याचे टोक वाकवले. रेवणप्पाच्या तराजूत मला एका पारड्यात आणि नव्या फळीला दुसऱ्या पारड्यात तोलून, काटा मधोमध येईपर्यंत ती तासली. माझी नवी जोडीदारीण घरी आली तेव्हा तिला गुळाचा वास होता आणि आठवडाभर मुंग्या तिला सोडत नव्हत्या. खातूनबी म्हणाल्या, “ये दूसरी बहू मीठी है.”

येथवर सारे बिनचूक होते. पण बिभीषण गाड्या करणारा. जोडी म्हटली की तिला जू हवे, ही गोष्ट त्याच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली. त्याने आमच्या दोघींच्या वळलेल्या नाकांमध्ये एक आडवे लाकूड बसवले, खुंट्या ठोकल्या, वर चामड्याची वादी आवळली.

चाँदपाशाला हसू आवरेना. “अरं, या सुट्या पायजेत. एक पाय पुढं, एक पाय मागं, तसं चालतं हे.”

“जू न्हाय तर एक इकडं जाईल, एक तिकडं. मग तू मदीच फाटशील.”

“पन कॅनडात कुनी जू लावत न्हाय.”

“त्यास्नी म्हाईत नसंल,” बिभीषण म्हणाला.

कार्तिकात माळावरचे कुसळी गवत वाळून पिवळे पडले की ते तेल लावल्यासारखे निसरडे होते. आमच्या तळाला मेण आणि करडईचे तेल चोळून तिघे मित्र माळाच्या उतारावर आले. पहिला मान चाँदपाशाचा. आम्ही निघालो. क्षणभर मला इटली आठवली. आणि मग ते जू एका वारुळाला अडले. चाँदपाशा हवेत गेला आणि बोराटीच्या झुडपात उतरला.

“आला का कॅनडा?” रेवणप्पाने वरून विचारले.

काटे काढताना तिघे इतके हसले की बोलता येईना. जू काढावे असे दोघांचे मत पडले. बिभीषण मान हलवीत राहिला. अखेर ठरले, आता बसवलेच आहे तर राहू द्यावे. कॅनडात पोचल्यावर काढू. माणसे एकमेकांची चूक अशी सांभाळून घेतात, तेव्हा ती मला फार सुंदर दिसतात.

पण काळ बिघडत चालला होता. निजामाच्या राज्याचे शेवटचे वर्ष होते. एकदा निजामाच्या बाजूची, लाठ्या घेतलेली एक टोळी रेवणप्पाचे दुकान लुटायला आली. चाँदपाशाने आपली मालमोटार दुकानाच्या तोंडाशी आडवी लावली, चावी खिशात टाकली आणि पायरीवर विडी ओढत बसला. “मोटार बिघडली,” तो म्हणाला. “हलत नै.” टोळीतल्यांनी त्याला आपला म्हणून समजावले, मग शिव्या दिल्या. तो हलला नाही. त्याची मोटारही हलली नाही. टोळी निघून गेली.

मग पुढच्या भाद्रपदात सोलापूरकडून हिंदुस्थानच्या फौजा हमरस्त्याने आल्या आणि त्या आठवड्यात राज्य बदलले. चाँदपाशा तेव्हा माल घेऊन हुमनाबादच्या पलीकडे अडकला होता. घरात एकट्या खातूनबी. उन्हाळ्यात पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. उठता येत नव्हते. गावे ढवळून निघाली होती. कालच्या जुलमाचा सूड आज कोणावरही, दिसेल त्यावर काढायला निघालेली माणसे वाटेवर होती. शेजारची घरे रिकामी झाली. मी कोपऱ्यात होते, आणि माझ्या आयुष्यात मला प्रथमच पाय हवेसे वाटले.

सकाळी झिमझिम पावसात रेवणप्पा आणि बिभीषण आले.

“चाची, उठा. माळापल्याड माझ्या मळ्यात चला.”

“मैं नै आती. चाँद आया तो? घर में कौन?”

“चाँद आला अन् तुमी न्हाय दिसला, तर तो सरळ माझ्याकडं येईल,” रेवणप्पा म्हणाला. “पन तो आला, अन् तुमीच न्हाय उरला, तर मी त्याला कोनतं तोंड दाखवू?”

खातूनबींनी उठवायला हात पुढे केला. पण न्यायचे कसे? हमरस्त्याने जाणे जिवावर बेतले असते. शेतातून बैलगाडी घालावी तर चाके आसापर्यंत रुतत होती. पाठीवर घ्यावे तर मोडलेला पाय. बिभीषणने घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

त्याने आम्हा दोघींना खाली निजवले, वर बाज बांधली, बाजेवर खातूनबींना निजवून घोंगडी पांघरली. जुवाला दोर लावला. बैलाच्या जागी एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला रेवणप्पा. ज्याने आयुष्यात तराजूहून जड काही उचलले नव्हते तो वाणी, चिखलात पाय रोवून ओढू लागला.

गावाबाहेर लाठ्या घेतलेली परगावची माणसे आडवी आली.

“काय नेताव रं?”

“आई हाय माजी,” रेवणप्पा म्हणाला. पावसाने त्याच्या कपाळावरचे भस्म ओघळले होते, पण दिसत होते. “मांडी मोडलीया.”

त्यांच्यातला एक वाकून माझ्याकडे बघू लागला. घोंगडीखाली खातूनबींचा श्वास थांबला, तो मला माझ्या पाठीवर कळला.

“अन् ही कसली गाडी?”

“कॅनडाची,” बिभीषण म्हणाला.

“कॅनडा कुटं आलं?”

“लई लांब. जायाचंय अजून.”

तो माणूस गोंधळला. बिनचाकाची गाडी, बैलाच्या जागी माणसे आणि कधी न ऐकलेले गाव. वेड्यांच्या वाटेला जाऊ नये, तसे ते बाजूला झाले.

माळाचा उतार आला. ओल्या गवतावर आम्ही सुटलो. दोघे मित्र आता दोर मागे घेऊन ताणून धरीत धावत होते. ज्या जुवाने चाँदपाशाला बोराटीत टाकले होते, त्याच जुवाने आज आम्हा दोघींची नाके सरळ धरली. एक इकडे गेली नाही, एक तिकडे गेली नाही. निम्म्या उतारावर घोंगडीतून आवाज आला:

“हळू रे हळू! यही है क्या तुम्हारा कॅनडा?”

“व्हय चाची!” रेवणप्पा धापा टाकीत ओरडला. “पोचलो बगा!”

आणि त्या भयंकर सकाळी ती म्हातारी खुदकन हसली.

चाँदपाशा दिवाळीच्या सुमारास परतला. घर रिकामे पाहून तो सरळ रेवणप्पाकडेच गेला, आणि रेवणप्पा त्याला मळ्यात घेऊन आला. आईच्या बाजेखाली त्याने आम्हाला पाहिले. काय झाले ते बिभीषणने चार वाक्यांत सांगितले. चाँदपाशाने खाली बसून जुवावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

आता नवे राज्य आहे. खातूनबी काठी घेऊन घरातल्या घरात चालतात आणि मी पुन्हा कोपऱ्यात आहे. ओट्यावर बेत पुन्हा सुरू झाले आहेत. परवा बिभीषण स्वतःच किकरे घेऊन आला. म्हणाला, “चाँद, जू काढून ठिवतो. वालटरनं दिली तशी ही सुटी नेली पायजे. शब्द हाय तुजा.”

“ठेव ते किकरं खाली.”

“अरं, बर्फात पडशील.”

“पडू की. तिघं मिळून पडू,” चाँदपाशा म्हणाला. “जुवासकट न्यायची.”

ते जातील की नाही, मला ठाऊक नाही. कॅनडा दूर आहे आणि रेवणप्पाचे पीठ अजून दळायचे आहे. म्हणून वाचकहो, माझी विनवणी ऐका. तुमच्यापैकी कोणी त्या बर्फाच्या देशात गेलेच, तर बॅन्फ गावी वॉल्टरचे घर शोधा. तिथे भिंतीला टेकून माझी बहीण उभी असेल. तिच्या पाठीवर ‘जळकोट’ असे लिहिले आहे. तिला सांगा, मला उशीर होतो आहे, पण मी विसरलेले नाही. आणि हेही सांगा की मी येईन तेव्हा एकटी येणार नाही. माझ्यासोबत गुळाच्या वासाची एक बहीण असेल. तिला आम्हा दोघींच्या शेजारी जागा करून ठेवावी.