मागच्या वर्षीचं काम

मधुकरराव आर्वीच्या एसटी आगारातून कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याकडे सोळा वर्षं जुनी पांढरी व्हॅन होती. पत्नी अन्नपूर्णाबाईंना गुडघ्यांमुळे बसची पायरी चढवत नसे, म्हणून ती विकायचा विषय घरात कधी निघाला नाही. पण खालून गाडी गंजत चालली होती. मधल्या सीटखाली तर मॅट उचलली की रस्ता दिसायचा.

मार्चमध्ये त्यांनी ती विक्कीच्या गॅरेजमध्ये टाकली. डेंटिंग-पेंटिंगमध्ये विक्कीचं नाव होतं. सडलेला पत्रा कापून काढायचा, नवा वेल्डिंग करून बसवायचा आणि सीटचे बोल्ट त्या नव्या पत्र्यात कसायचे, असं ठरलं. दहा दिवसांनी गाडी मिळाली. खालून काळा रंग, वरून नवी मॅट. मधुकररावांनी वाकून हात फिरवला. गुळगुळीत लागलं, बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये गाडी धुताना मॅटखाली पाणी साचलेलं दिसलं. चिकटलेली मॅट सोडवायला त्यांनी पेचकस घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तिथलं खरवडून पाहिलं. रंगाखाली पुट्टी होती, पुट्टीखाली फायबरचा तुकडा आणि त्याच्याखाली ठासून भरलेलं वर्तमानपत्र. सोयाबीनच्या बियाण्याची अर्धी जाहिरात वाचता येत होती. नवा पत्रा कुठेच नव्हता. सीटचे बोल्ट जुन्या, कुजलेल्या कडेलाच अडकवलेले होते.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढले आणि तसेच गॅरेजवर गेले.

"विक्की, हे काय हाय?"

विक्कीने फोटो पाहिले. "काका, सोळा वर्षांची गाडी. मी काय तिले जवान करून देऊ?"

"नवा पत्रा लावतो म्हणलं होतं तू."

"कुठं लिहून देलं? बिल दाखवा ना."

पक्कं बिल नव्हतं. वहीच्या फाडलेल्या पानावर विक्कीच्या अक्षरात 'फ्लोअर काम पूर्ण' एवढंच होतं. विक्की ते पान बघून हसला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. गॅरेजमधल्या दोन गिऱ्हाइकांसमोर झालेलं ते हसणं मधुकररावांना पत्र्यापेक्षा जास्त लागलं.

वर्ध्याच्या सरिता वकिलांकडे त्यांनी कागद नेले. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचं ठरलं. वकीलबाईंनी बजावलं, "तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यावी लागेल. तोवर तिला हात लावायचा नाही." तक्रारीत एक वाक्य मधुकररावांनी स्वतः आग्रहाने घालायला लावलं: सदर वाहनात माणूस बसविणे जिवास धोक्याचे आहे. त्याखाली त्यांनी सही केली.

मग तारखा सुरू झाल्या. एकदा विक्की आलाच नाही. एकदा त्याच्या वकिलाने मुदत मागितली. त्यानंतर त्याचं उत्तर आलं: मी फक्त रंग मारला, पत्र्याचं काम माझ्याकडे नव्हतंच. तपासणीसाठी नेमलेल्या अभियंत्याला दोनदा वेळ मिळाला नाही. मधुकरराव दर तारखेला बसने जात आणि संध्याकाळी परत येत. अंगणात उभी व्हॅन दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. जेवतानाही विक्कीचाच विषय.

एप्रिलमध्ये अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "विकून टाका ती. कोर्टबी सोडा. त्या गाडीपायी घरातलं दुसरं बोलणंच बंद झालं."

गाडी विकायची आहे असं मधुकररावांनी चार लोकांना सांगून ठेवलं आणि मे महिन्यात दुर्गेश धुर्वेचा फोन आला. आष्टी तालुक्यातल्या जंगलालगतच्या एका गावचा हा तरुण दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर होता. आईने गोळा केलेली चारोळी, सीताफळं बाजाराला न्यायला त्याला स्वतःची गाडी हवी होती. उद्या बघायला येतो, म्हणाला.

त्या दुपारी मधुकररावांनी बाजारातून पुट्टीचा डबा आणि काळा रंग आणला. खरवडलेली जागा त्यांनी आपल्या हाताने भरली. गेल्या मार्चमध्ये त्यांना जे फसवून गेलं होतं, तसंच ते पुन्हा गुळगुळीत केलं.

दुसऱ्या दिवशी दुर्गेश आई रामबाईला घेऊन आला. इंजिन ऐकलं, टायर पाहिले.

"काका, खालचा पत्रा कसा हाय?"

"मागच्याच वर्षी काम केलं," मधुकरराव म्हणाले.

दुर्गेश वाकणार होता. रामबाई त्याला म्हणाली, "काम केलं म्हणून राह्यले ना. मंग काऊन मातीत लोळतं?" आणि तिने मधल्या सीटवर बसून पाहिलं. तिला ती जागा आवडली.

गाडी विकली गेली. पुढच्या आठवड्यात मधुकररावांनी तक्रार मागे घेतली. वकीलबाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, "मिटलं आमचं."

ऑक्टोबरात आष्टीच्या बाजारातून परतताना शेळ्यांचा कळप रस्त्यावर आला. दुर्गेशने ब्रेक मारला. मधली सीट बोल्टांसकट उखडून पुढे गेली, तळ फाटला आणि रामबाईचा उजवा पाय त्या भगदाडातून खाली गेला. गाडी थांबेपर्यंत तो डांबरावर घासत राहिला. वर्ध्याच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून कापावा लागला. गुन्हा नोंदला गेला तो दुर्गेशवर: भरधाव गाडी चालवून आईला गंभीर दुखापत केली म्हणून.

आठ दिवसांनी तो मधुकररावांच्या दारात आला. दाढी वाढलेली होती.

"काका, पत्र्याचं काम कोनाकडं केलतं तुम्ही? पोलीस म्हणते गाडी जोरात होती. मी चाळीसवर होतो, आईची आन. त्या गॅरेजवाल्याले धरतो आता."

त्याने मधुकररावांना एका शब्दाने दोष दिला नाही. ते त्याच्या मनातच आलं नव्हतं. मधुकररावांनी विक्कीचं नाव सांगितलं. दुर्गेश "लय उपकार झाले" म्हणून गेला. विक्कीने ही गाडी आपण कधी पाहिलीच नाही, असं त्याला सांगितलं.

मधुकररावांची झोप गेली. चौथ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. रामबाई उशीला टेकून बसली होती, चादर उजव्या बाजूला मध्येच सपाट झालेली. दुर्गेश डबा सोडत होता. त्यांना पाहून तिने स्टूल दाखवलं.

"मीच पाय नीट ठेवला नसन," ती म्हणाली. "पोराले म्हणते, पोलिसाले तसंच सांग. माह्या पायानं तुले काऊन जेल व्हावं? पण हा आयकत नाई."

मधुकरराव बसले नाहीत. "बाई, मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"खाली पत्रा नव्हता. विक्कीनं पुट्टी भरलती. मले ते दिसलं होतं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी वरून मीच आणखी भरली."

दुर्गेशच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. "मी इचारलं होतं तुमाले."

"हो."

"माय बाजूलेच उभी होती."

"हो."

रामबाईने भिंतीकडे तोंड केलं आणि मुलाला म्हणाली, "ह्यांले जायले सांग."

घरी त्यांनी तक्रारीची फाइल काढली, तेव्हा अन्नपूर्णाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "त्या पोराले वकील लावून द्या. दवाखान्याचा खर्च द्या. पण हा कागद पोलिसाले नका देऊ. या वयात जेलात जाता का?"

"त्याच्यावर गुन्हा हाय, अन्नपूर्णा. आईचा पाय तोडल्याचा."

"मग मी एकटी काय करू?"

त्यांनी फाइल पिशवीत घातली आणि चपला पायात सरकवल्या.

पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्याने तक्रारीची प्रत दोनदा वाचली. फोटो पाहिले, वहीचं पान पाहिलं. मग जिवाच्या धोक्याच्या वाक्यावर बोट ठेवलं. "काका, ही सही तुमची?"

"माझीच."

"हे दिलं तर त्या पोराचं नाव निघेल. पण विक्कीच्या आधी तुमचं येईल. त्यानं काम वाईट केलं. तुम्ही समजून-उमजून विकली."

"घ्या," मधुकरराव म्हणाले. त्यांनी फाइल टेबलावर पुढे सरकवली.

दुर्गेशचं नाव गुन्ह्यातून निघालं. विक्की आणि मधुकरराव आरोपी झाले. दोघांनाही जामीन मिळाला. विक्कीचं गॅरेज एक दिवसही बंद राहिलं नाही. जुन्या गाड्या अजून त्याच्याकडेच येतात. मधुकररावांच्या ओळखीचे लोक मात्र रस्ता बदलू लागले. अन्नपूर्णाबाई भावाकडे केळझरला गेल्या, त्या दिवाळीला आल्या नाहीत.

कोर्टात साक्षी सुरू झाल्या तेव्हा दोन्ही आरोपी एकाच बाकावर बसले होते. विक्की खालच्या आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही चूप राह्यले असते ना, तर आपण दोघंही घरी असतो." मधुकररावांना माहीत होतं, तो खरं बोलतोय.

रामबाई कुबड्यांवर आली. विक्कीच्या वकिलाने विचारलं, "गाडीखाली स्वतः न पाहता तुम्ही या माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवला?"

"म्हातारा मानूस," ती म्हणाली. "खोटं काऊन बोलन, असं वाटलं."

पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची पडली. बाहेर आल्यावर रामबाई कोर्टाच्या पायऱ्यांशी थबकली. उतरणं तिला चढण्यापेक्षा अवघड जात होतं. दुर्गेशच्या एका हातात कागदांची पिशवी होती. मधुकरराव पुढे झाले आणि त्यांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

"राहू द्या, काका," दुर्गेश म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याने पिशवी दातांत धरली, आईच्या काखेत हात घातला आणि एक एक पायरी करत तिला खाली नेलं.