लवूच्या नावाला साद

'कालिंदी' बोट लढाईत बंगालच्या उपसागरात बुडाली, पण तिची हजेरी काही बुडाली नाही. दर साल माघातल्या त्याच तिथीला ती मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर, भाई बोसनच्या माडांखाली भरायची. उरलेले खलाशी यायचे, गेलेल्यांच्या बायका-पोरं यायची. बोसन म्हणजे डेकवरचा मुकादम. बोट गेली, नोकरी गेली, तरी भाईची मुकादमी सुटली नव्हती. चुलीपाशी बसलेल्या बायकांनासुद्धा तो शिट्टी फुंकून हुकूम सोडायचा, आणि बायका त्याला चांगलं धारेवर धरायच्या. सरकारची दारूबंदी, म्हणून रमच्या जागी सोलकढीचे पेले उंचावत. सोलकढी कुणाला चढत नाही म्हणतात. इथे दोन पेल्यांनंतर सगळे रडायला लागत.

हजेरीची रीत मात्र थट्टेची नव्हती. बोट बुडाल्यावर उजाडताच भाईने तराफ्यावरून एकेक नाव पुकारलं होतं. जो गेला त्याच्या नावाला, त्याला जाताना ज्याने पाहिलं, त्याने 'हजर' म्हटलं होतं. तीच रीत पुढे चालत आली. भाई डोळे मिटून सगळी नावं तोंडपाठ घ्यायचा. जिवंत माणूस आपली साद आपण देई, मेलेल्याची त्याचा शेवटचा सोबती देई. फक्त लवू कोयंड्याच्या नावाला कुणीच साद देत नसे. इंजिनखात्यातल्या लवूला जाताना कुणी पाहिलंच नव्हतं. भाई जरा थांबे आणि पुढचं नाव घेई. लवूचं ताट तर हजेरीच्या आधीच वाढून केळीच्या पानाखाली झाकून ठेवत. न जाणो, एखाद्या साली त्याने स्वतःच साद दिली तर!

भाईच्या त्या जराशा थांबण्यावर मिठबावची सुगंधा, लवूची बायको, इतकी वर्षं तगून होती.

बारा वर्षं उलटली तेव्हा थोरला दीर जयराम मागे लागला, दर्भाचा पुतळा जाळून क्रिया उरकू या. सुगंधाच्या लेकीला, जानकीला, स्थळं येत आणि दारातूनच परत जात. "चेडवाचो बापूस आसा काय नाय, ता आधी ठरवा," म्हणत. जयराम वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. सुगंधाने त्याला भरल्या घरात सांगितलं होतं, "बोटीवरच्या एका तरी माणसान साद देवंदे. त्या दिवशी मी कुकू पुसतंय. तोवर नाय." म्हणूनच यंदा जयराम स्वतः बरोबर आला होता, जानकीला घेऊन.

माडांखाली पाऊल टाकते न टाकते तोच भाई उत्साहाने म्हणाला, "सुगंधा, बघलंस गो? गुरुदास इलो हा! दुसऱ्या तराफ्यावरचो!"

त्या रात्री दोन तराफे सुटले होते. दुसरा वाहत गेला, आणि एका परक्या बोटीने त्याच्यावरून एकट्या गुरुदासला उचलून कोलंबोला नेलं, एवढं तिने ऐकलं होतं; त्यावर आणखी कोण होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे तो विलायती मालबोटींवर फिरत राहिला, हजेरीला कधीच आला नाही; त्याची साद भाईच देऊन टाकी. आता नोकरी सोडून वेंगुर्ल्याला कायमचा आला होता. सुगंधाने चोरून पाहिलं. उंच, वाळका माणूस, उलट्या घातलेल्या होडीवर एकटाच बसलेला. आल्यागेल्याने तिची चौकशी केली, त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आपल्याला न ओळखणारा माणूस असा तोंड फिरवून कशाला बसेल? हा विचार आला तसा तिने झटकून टाकला.

गुरुदास पाय धुवायला विहिरीवर गेला. सुगंधा कळशी घेऊन मागोमाग गेली. दुसरं कुणी नव्हतं.

"भावजी, माका वळाखलात?"

"वळाखलंय, वैनी." मान खालीच.

"मगे एक मागतंय. ह्येंचा नाव इला काय तुमी गप रव्हा."

पुढचं सगळं तिने ठरवून ठेवलं होतं. त्याचे पाय धरायलाही ती तयार होती. पण त्याहून जास्त तिला एकच हवं होतं. त्याने चकित होऊन विचारावं, "मी काय बोलतलंय? माका काय म्हायती?" एवढं तो म्हणाला असता तर तिने तिथेच देवाला नारळ बोलला असता.

गुरुदासने तांब्या विहिरीच्या काठावर ठेवला.

"बरां, वैनी. नाय उघडूचंय तोंड."

जिंकले, असं म्हणत सुगंधा परत फिरली. चुलीपाशी येऊन पाहते तर कळशी रिकामीच.

भाईची शिट्टी वाजली. सगळे उठून उभे राहिले, पुरुष पुढे, बायका-पोरं मागे. जयराम मुद्दाम अशा जागी उभा राहिला की त्याला सगळ्यांची तोंडं दिसावीत. नावं सुरू झाली. कुणाला खणखणीत साद येई, कुणाला हळू. डेकवाले संपले, इंजिनखातं आलं. सुगंधाने जानकीचा हात इतका घट्ट धरला की पोरगी कळवळली.

"लवू कोयंडे!"

कुणी बोललं नाही. किनाऱ्यावर लाट फुटल्याचा आवाज तेवढा आला.

ही शांतता सुगंधाच्या ओळखीची होती. दर साली ती ऐकून तिला हायसं वाटायचं. आज वाटलं नाही. गुरुदासने मिठाची गुळणी धरली होती. त्याचा जबडा आवळलेला होता, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ज्याला काही ठाऊक नाही त्याला गप्प बसायला एवढे कष्ट कशाला पडतील! विहिरीवरच तिला सगळं कळलं होतं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं?

भाईने पुढच्या नावासाठी श्वास घेतला. जयरामने सुस्कारा टाकून खाली पाहिलं. बस्स, क्षणभर गप्प राहिलं की झालं. यंदाचं साल निभावलं असतं, पुढचंही. पण बोटीवरच्या प्रत्येक माणसाला साद मिळाली होती. लवूचीच तेवढी अडकून पडली होती, आणि आता ती अडवणारी त्याची बायको होती. सुगंधाला स्वतःचा असा राग आला की तिला तो गिळवेना.

"थांबा, भाईनू!" ती ओरडली. सगळे वळले. "भावजी, साद द्या."

"वैनी, तुमीच..."

"द्या म्हणतंय मां!"

गुरुदास ताठ झाला, डेकवर उभा असल्यासारखा.

"हजर!" त्याचा आवाज फाटला. "तराफ्यावर. माझ्या हातात हात होतो तेचो."

जानकीने हंबरडा फोडला. जयरामने टोपी काढली आणि तो मटकन खाली बसला. ज्याची इतकी वाट पाहिली तेच ऐकून त्याला रडू आवरेना. भाईला पुढचं नाव आठवेना. चारदोन बायका सुगंधाकडे धावल्या. तिचा हात कपाळाकडे गेला, आणि मध्येच थांबला.

"कुकू घराक जावन पुसतंय," ती म्हणाली. "माका आधी काम आसा."

तिने लवूचं झाकलेलं ताट उचललं, गुरुदासपुढे नेऊन ठेवलं आणि केळीचं पान बाजूला केलं. भात गार झाला होता.

"बसा भावजी. जेवा. आणि सांगा. ते काय काय बोलले ता सगळां माका सांगा." मग तिने मागे वळून हाक मारली, "जानकी, हंय ये गो. बापाशीचा ऐक."

गुरुदासला घास जमेना. सुगंधाने त्याच्या भातावर सोलकढी वाढली आणि जानकीला जवळ ओढून तो बोलायची वाट पाहत बसली.