बुकिंग नसलेलं टेबल

“तुमचं एकच राहिलंय काकू. दुसरं घेऊन गेले की आत्ता.”

पार्कातल्या खाण्याच्या खिडकीतल्या मुलीने हे इतक्या सहज सांगितलं की सिस्टरना आधी नीट कळलंच नाही. त्यांनी मनगटावरची निळी पट्टी पुन्हा यंत्रासमोर धरली. यंत्र बारीक वाजलं. मुलीने पडद्याकडे पाहिलं आणि तळलेल्या बटाट्यांचा कागदी डबा पुढे सरकवला.

“कोण घेऊन गेलं?”

“तुमच्याबरोबरचे. प्लॅन दोघांचा आहे ना? दुसऱ्या पट्टीवर पण बटाटेच घेतलेत. मीठ वरून मागून घेतलं, तेवढं आठवतंय.”

“दिसायला कसे होते?”

“मी मनगटं बघते काकू. दिवसभर तोंडं कुठे बघत बसू?”

सिस्टर डबा घेऊन बाकावर जाऊन बसल्या. यंत्र चुकलं असणार, दुसरं काय. उभा जन्म वॉर्डात काढलेल्या बाईचा यंत्रावर विश्वास असतो, पण तो आंधळा नसतो. वायर निघाली म्हणून चांगल्या हसत्या-बोलत्या माणसाची पडद्यावर सरळ रेघ आलेली त्यांनी कितीदा पाहिली होती. आधी माणसाकडे बघायचं आणि मग यंत्राकडे, हे त्यांनी प्रत्येक नव्या मुलीला घोकून घेऊन शिकवलं होतं. इथे पंचाईत अशी, की बघायला माणूसच नव्हतं. काटेवाले जाऊन उन्हाळा-पावसाळा सरला होता, आता धुक्याचे दिवस आले होते.

काटेवाले म्हणजे त्यांचे यजमान. दुकानादुकानांतले वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून सगळा बाजार त्यांना काटेवाले म्हणायचा. आणि ते बायकोला सिस्टर म्हणायचे, घरातसुद्धा. “सिस्टर, चहा मिळेल का? की तोही बंद?” पुढेपुढे खरंच बरंच काही बंद झालं. मूत्रपिंडं गेली. एक दिवसाआड डायलिसिसच्या यंत्रावर पडायचं, आणि त्याच्या आधी वजन, नंतर वजन. “जन्मभर लोकांचे काटे सरळ केले, आता काटा माझ्यावरच उलटला बघ,” म्हणून ते हसायचे. मीठ बंद. बटाटा, टोमॅटो, केळं, संत्रं, सगळ्यावर फुली. पाणी तर मापून. डॉक्टरांनी एकदा सांगितलं आणि सिस्टरनी ते रोज पाळलं. त्या घरात दोन स्वयंपाक व्हायचे. त्यांचं अळणी ताट त्या टेबलावर मांडायच्या आणि स्वतः स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन, ओट्याशी उभ्या राहून दोन घास गिळायच्या. त्यांना वास नको जायला, म्हणून. अशी किती वर्षं गेली, दोघं समोरासमोर बसून एक जेवण जेवलेच नाहीत.

हा प्लॅन काटेवाल्यांचाच. या पार्कात खाण्याचे पैसे आधीच भरायचे, की घरपोच पट्ट्या येतात. मग कुठल्याही खिडकीत हात दाखवायचा आणि घ्यायचं. शिवाय एक जेवण टेबलावर बसून. लेकीने विचारलं होतं, “बाबा, टेबल बुक केलंत का? तिथे ऐनवेळी मिळत नाही.”

“नाही करणार. यंत्राच्या वेळा लावून लावून विटलोय. जेवायची वेळ लावणार नाही. हिंडायचं, भूक लागली की समोर दिसेल त्या खिडकीशी थांबायचं. सगळ्यांची जेवणं आटोपली की हॉटेलात जाऊन विचारायचं, ‘कुणाला नको असलेलं टेबल आहे का?’ मिळतं. आणि मग मी आणि सिस्टर, समोरासमोर. तिच्या ताटात तेच माझ्या ताटात. त्या दिवशी सिस्टरला रजा.”

“डॉक्टर काय म्हणतात ते बघू,” सिस्टर म्हणाल्या होत्या. ‘नाही’ म्हणायची ती त्यांची मऊ पद्धत होती आणि काटेवाल्यांना ती चांगली ठाऊक होती. तरी पट्ट्या आल्या त्या दिवशी त्यांनी हौसेने स्वतःची मनगटात घातली. आठवड्याने दवाखान्यात भरती झाले तेव्हाही ती काढू दिली नाही.

आणि इथेच सिस्टरकडून एक चूक झाली. वॉर्डाचा नियम असा, की माणूस गेलं तरी नावाची पट्टी हातावर ठेवायची. बाकी धागा, घड्याळ, अंगठी, सगळं काढून घरच्यांकडे द्यायचं. ड्यूटीवरची मुलगी कात्री घेऊन आली तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “दे इकडे, माझं माणूस आहे.” काटेवाल्यांच्या हातावर दोन पट्ट्या होत्या, दोन्ही निळ्या. सिस्टरनी एक कापली आणि न बघता पर्समध्ये टाकली. विद्युतदाहिनीचं दार लागताना चादरीखालून निळी कड दिसली, ती त्यांना दवाखान्याचीच वाटली. घरी येऊन पर्स उघडली तर आत दवाखान्याची पट्टी. जिने शेकडो माणसांना बिनचूक निरोप दिला, तिने स्वतःच्या माणसाला पार्काची पट्टी घालून पाठवलं. लेक म्हणाली, “जाऊ दे ना आई. खूश असतील.” मग तिनेच मागे लागून लागून आईला इथे पाठवलं. दवाखान्याची पट्टी अजून पर्सच्या आतल्या कप्प्यात होती.

सिस्टरनी बटाटे खाल्ले. थंडगार झाले होते.

धुक्यात पार्क निम्मा पुसल्यासारखा दिसत होता. आडवार, त्यात सुट्ट्या संपलेल्या. लाकडी घोड्यांचं चक्र कोणी बसलेलं नसताना फिरत होतं आणि त्याचं गाणं पुन्हा पुन्हा तिथेच येत होतं. पुढच्या खिडकीत सूप होतं.

“टोमॅटोचं एक झालंय तुमच्यात,” सूपवाला म्हणाला. “आत्ताच. बघा, पळी पण धुतली नाही अजून.”

त्याच्या पुढे रसाची गाडी. तिथे संत्र्याचा रस गेला होता. आता मात्र सिस्टरनी हिशेब मांडला. बटाटा, टोमॅटो, संत्रं. चोर असता तर त्याने कॉफी घेतली असती, सँडविच घेतलं असतं. हा कोण असा वेचून वेचून फक्त फुली मारलेलंच खात चाललाय? त्या भरभर चालू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पण चालू लागल्या. धुक्यात पुढे कुणीतरी असल्याचा भास व्हायचा, जवळ जावं तर दिव्याचा खांब. आणि भीती वाटायची सोडून त्यांना चक्क राग आला. बाजारात जाताना हे असंच करायचे, लांब ढांगा टाकत पुढे, आणि सिस्टर मागून पिशव्या सांभाळत. आजही तेच. थांबायला काय झालं होतं?

आईस्क्रीमच्या खिडकीपुढच्या टेबलावर एक काचेचा पेला होता. तळाशी केळ्याचं आईस्क्रीम थोडं उरलं होतं, विरघळलंही नव्हतं. पेल्याच्या काठावर चमचा आडवा तोलून ठेवला होता आणि तो हलत होता. एक टोक खाली, मग दुसरं. वाऱ्याचा तर मागमूस नव्हता.

सिस्टर तिथेच खुर्चीवर बसल्या. काटेवाल्यांची ही जन्माची सवय. चहा पिऊन झाला की चमचा कपाच्या काठावर तोलायचे आणि तो थांबेपर्यंत कुणाला कप उचलू द्यायचे नाहीत. “काटा डुलतोय तोवर हात लावायचा नसतो.” लेकीला लहानपणी याचं केवढं हसू यायचं. चमचा हळूहळू थांबला. सिस्टरनी पदराने डोळे पुसले आणि उठून तक्रारखिडकी गाठली. खरं काय ते एकदा कळायला हवं होतं.

तिथे टाय लावलेला एक तरुण साहेब होता. त्याने ऐकून घेतलं, बोटं चालवली.

“हो, दुसरी पट्टी सकाळपासून चालू आहे. कुणाला तरी सापडली असणार, असं होतं कधीकधी. तुम्ही फक्त ‘हरवली’ म्हणा, मी इथून बंद करतो. मग त्या माणसाला कुठेच काही मिळायचं नाही. टेबलावरचं जेवण अजून राहिलंय, ते तरी वाचेल.”

“बंद केली की लगेच बंद?”

“लगेच. मिस्टर कुठे आहेत तुमचे? पट्टी त्यांच्या हातात नव्हती का?”

“त्यांच्याच हातात आहे,” सिस्टर म्हणाल्या. तोंडातून गेलं आणि मग त्यांना समजलं की आपण खरं तेच बोललो.

“मग हरवली कशी?”

“हरवली नाही.”

साहेबाचं बोट बटणावर थांबलं होतं. “काकू, बंद करू की नको?”

हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. देऊ की नको, चालेल की नाही, घोटभर जास्त पाणी दिलं तर? शेवटच्या रात्री काटेवाल्यांनी स्वतः विचारलं होतं, “सिस्टर, एक पेलाभर?” त्यांनी ओला कापूस ओठांवर फिरवला होता. बरोबरच होतं ते, आजही वॉर्डात कुणी विचारलं असतं तर त्यांनी तेच सांगितलं असतं. पण बरोबर असलं म्हणून ते विसरता येत नाही.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “चालू राहू द्या. खाऊ द्या त्यांना.”

“मग नंतर भरपाई मिळणार नाही, आधीच सांगतो.”

“नकोय मला.”

हॉटेल तळ्याच्या काठी होतं. दुपारची जेवणं उरकली होती, संध्याकाळची सुरू व्हायची होती. दारातल्या बाईने मान वर न करता विचारलं, “बुकिंग?”

“नाही. कुणाला नको असलेलं टेबल असेल तर चालेल.”

बाईने आता वर पाहिलं. “किती जण?”

सिस्टरचा हात पर्सवर गेला. इथे ‘एक’ म्हटलं असतं तर काम झालं असतं आणि मग त्या आपल्या घरी गेल्या असत्या, एकटं माणूस जसं जातं तशा.

“दोन,” त्या म्हणाल्या.

“बसा बाहेर, सांगते.”

त्या पायरीवर बसल्या. तळं दिसत नव्हतं, नुसता पाण्याचा वास येत होता. मागे घोड्यांचं गाणं चालूच. त्यांना एकच धास्ती होती, टेबल मिळायच्या आत हे पुढे निघून गेले तर? सकाळपासून प्रत्येक खिडकीत त्या थोडक्यात चुकल्या होत्या. ही शेवटची जागा. इथलं जेवण झालं की पट्टीवर काही उरत नव्हतं.

“दोन जण, या,” बाईने हाक मारली. “स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं आहे, आवाज येतो, म्हणून कुणी घेत नाही. तुमच्यातल्यांनी पट्टी दाखवलीये मघाशीच.”

कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी कुणी नव्हतं. समोरची खुर्ची मात्र थोडी मागे ओढलेली होती, आणि त्या बाजूचा पाण्याचा पेला रिकामा. सिस्टर आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसल्या. सवयीने त्यांनी रिकाम्या पेल्याकडे पाहून किती गेलं असेल याचं मनात माप घेतलं, आणि मग माप सोडून जगमधलं पाणी काठोकाठ ओतलं.

वेटरने दोन ताटं आणली. भाजलेलं कोंबडं, लोण्यातले बटाटे, ब्रेड. एका ताटात तेच दुसऱ्या ताटात. त्याने काही विचारलं नाही. त्याला वाटलं असेल, दुसरं माणूस हात धुवायला गेलंय.

सिस्टरनी घास घेतला. जरा अळणी होतं. मिठाची बाटली उचलून त्यांनी आपल्या ताटावर झटकली आणि मग ती टेबलाच्या पलीकडे सरकवली.

“घ्या,” त्या हलकेच म्हणाल्या. “आज मी रजेवर आहे.”

आणि त्यांनी मान खाली घातली ती वर केली नाही. अशक्त पेशंट जेवत असला की त्याच्याकडे बघत बसायचं नसतं, तो संकोचतो आणि घास टाकतो. हेही त्या मुलींना शिकवायच्या. त्या आपल्या ताटात बघत सावकाश जेवल्या. स्वयंपाकघराचं दार उघडत-मिटत होतं. काटे-सुऱ्यांचे आवाज येत होते, ते आतून की समोरून, हे त्यांनी तपासलं नाही. एकदा मिठाची बाटली टेबलावर ठेवल्यासारखी टक्क वाजली. घास गिळताना त्यांना वाटलं, अन्नाला चव असते हे आपण पार विसरलो होतो. खूप दिवसांनी त्या खाली बसून, पोटभर जेवल्या.

शेवटचा ब्रेडचा तुकडा संपला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. समोरचं ताट पुसून खाल्ल्यासारखं स्वच्छ होतं. पेला रिकामा होता. त्याच्या काठावर चमचा आडवा तोललेला होता आणि डुलत होता.

वेटर ट्रे घेऊन आला, हात पुढे केला.

“थांबा,” सिस्टर म्हणाल्या. “तेवढा थांबू द्या. मग उचला.”

वेटर बाजूला उभा राहिला. चमच्याचं एक टोक खाली जाई, मग दुसरं, प्रत्येक वेळी थोडं कमी. वॉर्डात कुणाचा श्वास असा मंदावत थांबला की घड्याळ बघायचं असतं, वेळ लिहून ठेवायची असते. सिस्टरच्या मनगटावर निळ्या पट्टीशेजारीच घड्याळ होतं. त्यांनी दुसरा हात त्यावर झाकून ठेवला आणि चमचा थांबेपर्यंत तशाच बसून राहिल्या.