वाडगा निवेपर्यंत

गेल्या वर्षीच्या फोटोत चमचा टेबलापासून एकतीस सेंटिमीटर वर होता. फोटोवालीने फोटो पडद्यावर मोठा केला, मागच्या भिंतीवरच्या फरशा मोजल्या आणि मग पुन्हा मोजल्या. एक फरशी पंधरा सेंटिमीटरची. टेबल भिंतीला चिकटून होतं, त्यामुळे चूक झालीच असती तर अर्ध्या-एक सेंटिमीटरची. चमचा सुपाने काठोकाठ भरलेला होता, आणि कुणीही धरलेला नव्हता.

असे दहा फोटो तिच्यासमोर होते, दर वर्षाचा एक. पहिल्यात चमचा वाडग्याशेजारी टेबलावर पडलेला. तिसऱ्यात चार सेंटिमीटर वर, सहाव्यात पंधरा. वाडग्यामागच्या रिकाम्या खुर्चीत बेताच्या उंचीचा माणूस बसला तर त्याचं तोंड टेबलापासून किती वर येतं, हेही तिने मागे एकदा मोजून ठेवलं होतं. पस्तीस. आज अकरावा फोटो काढायचा होता.

शहरातल्या खाण्याच्या जागांचे फोटो काढणं हे तिचं काम. वर्षाला चाळीस जागा, आणि वर्षअखेरीला त्यांचं जाडजूड पुस्तक. पुलाखाली मासे तळणारी म्हातारी, कोर्टासमोरचं उभ्याने चहा प्यायचं दुकान, अंड्याखेरीज कशालाच हात न लावणारा एक तिरसट आचारी, सगळे त्यात येऊन गेले होते. लोक पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं नेहमीचं हॉटेल शोधत, आणि नसलं तर तिला रस्त्यात गाठून भांडत. तिची पद्धत ठरलेली. ऐन गर्दीच्या वेळी कॅमेरा स्टँडवर लावायचा आणि शटर आठ सेकंद उघडं ठेवायचं. आठ सेकंदांत जे हलतं त्याचा धूर होतो. वेटर, गिऱ्हाइकं, त्यांचे हातवारे, सगळं विरघळून जातं. जे जागचं हलत नाही तेवढंच स्वच्छ उमटतं.

तिच्या आत्याच्या हॉटेलातला चमचा दर वर्षी स्वच्छ उमटत होता. आरशातलं प्रतिबिंब, काचेवरचा डाग, दोन फोटो एकावर एक पडणं, जे जे कारण सुचलं ते तिने एकेक तपासून खोडून टाकलं होतं. फोटो कुणालाही दाखवले नव्हते. प्रकाशकाने विचारलं की ती म्हणायची, "आत्याचं हॉटेल पुढच्या वर्षी घेऊ." दहा वर्षं तेच.

त्या हॉटेलची एक रीत होती. रोज साडेअकराला पहिला वाडगा कोपऱ्यातल्या टेबलावर जायचा. तिथे मामा बसत, आत्याचे यजमान. ते एक चमचा सूप तोंडात घेत, डोळे मिटत, आणि बोटाने टेबलावर दोनदा टकटक करत. मग वाढायला सुरुवात. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी चमचा तोंडाकडे नेता नेता मामा गेले. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. त्या दिवशीचं सूप त्यांच्या मुलीने केलं होतं, पहिल्यांदाच एकटीने. तिचा निकाल लागायचा तो राहूनच गेला.

तेव्हापासून पहिला वाडगा त्याच टेबलावर जातो आणि तो निवेपर्यंत कुणालाही वाढलं जात नाही. अठरा मिनिटं लागतात. जुनी गिऱ्हाइकं तेवढा वेळ पाव कुरतडत गप्पा मारतात. नवी वैतागतात आणि पुढच्या आठवड्यात परत येतात, कारण तसं सूप दुसरीकडे मिळत नाही.

ती पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. दारात वेटर उभा होता. सत्तरीचा, कुणाशीही कशावरूनही वाद घालणारा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"या. यंदा तरी आमचं थोबाड छापणार, की पुढच्या जन्मी?"

"तुमचं थोबाड आठ सेकंद गप्प बसत नाही, वकीलसाहेब. नुसता धूर येतो."

एरवी त्याने यावर खटला चालवला असता. आज त्याने तिची बॅग हातातून घेतली आणि आवाज खाली आणला. "तुमच्या आत्याकडे, आमच्या वहिनींकडे, जरा बघा. हल्ली वाडगा ठेवला की त्या समोरच्या खुर्चीत टेकतात. पाय दुखतात म्हणे. मागच्या सोमवारी टेकल्या त्या उठेचनात. मी दोनदा हाक मारली. चार वाजता उठल्या आणि मला विचारतात, दोन मिनिटं झाली का रे? हात बर्फासारखे. साडेचार तास, बाई! मी घड्याळ बघून सांगतोय."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं की. ते म्हणाले, नाडी उत्तम आहे. त्यांना बिल देऊन आम्ही परत."

स्वयंपाकघरात आतेबहीण मोठ्या पातेल्यात डाव फिरवत होती. उंच, रुंद खांद्यांची बाई. लहानपणी किरकोळ होती म्हणून चिमणी म्हणत, ते तसंच राहिलं. अकरा वर्षं तीच रांधत होती. पण पातेलं उतरवायच्या आधी आत्या येऊन चिमूटभर मीठ टाकायची, लागो न लागो.

"मला आज संध्याकाळी उत्तर द्यायचंय," चिमणी मागे न बघता म्हणाली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या हॉटेलने तिला मुख्य आचारी म्हणून बोलावलं होतं, हे फोटोवालीला माहीत होतं. "महिनाभर आईला विचारतेय. हे स्वयंपाकघर माझं आहे का, एवढंच सांग. तर म्हणते, बघू. अकरा वर्षं बघूच चाललंय."

"तुला जायचंय?"

"मला राहायचंय गं. पण तिच्या त्या चिमूटभर मिठाखाली नाही. तू सांग ना तिला, तुझं ऐकते."

"माझं? ती वजनकाट्याचंसुद्धा ऐकत नाही."

चिमणी हसली, पण डाव फिरवायची थांबली. "मी गेले तर तिला त्या खुर्चीतून उठवणार कोण?"

साडेअकराला आत्याने स्वतः वाडगा नेऊन कोपऱ्यात ठेवला. सगळी टेबलं भरली होती. सुपाची वाफ सरळ वर चढली, आणि दोन फरशांच्या थोडी वर, जिथे काहीच नव्हतं, तिथे अडून दोन बाजूंना फाकली. फोटोवालीने ते डोळ्यांनी पाहिलं. आजवर तिची नजर कायम कॅमेऱ्याच्या पडद्यावर असायची. तिने शटर उघडलं आणि मनात आठ मोजले.

चमचा पस्तीस सेंटिमीटरवर होता. आता तो आडवा नव्हता. पुढची कड किंचित वर उचललेली, ओठाला लावल्यावर उचलतात तशी.

तिने मान वर केली. कोपऱ्यातल्या टेबलावर चमचा वाडग्याशेजारी मुकाट पडलेला. आत्या त्याच टेबलाकडे निघाली होती, एक हात कमरेवर ठेवून, हळूहळू.

"आत्या," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "आधी इकडे ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

आत्या आली, पदराला हात पुसत. फोटोवालीने अकराही फोटो पडद्यावर ओळीने लावले आणि एकेक पुढे सरकवला. आत्याने, बाजारात भाजी बघावी तसे ते बघितले.

"हे तू दहा वर्षं लपवून ठेवलंस?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"मला? अगं वेडे, मी रोज तो वाडगा उचलते. एक चमचा कमी असतो, मला कळत नाही होय?" तिने बोट पडद्यावर टेकवलं. "एवढी शिकलीस, पट्टी घेऊन मोजलंस, आणि बघायचं ते बघितलंच नाहीस. चमचा कशाला बघतेस? खुर्ची बघ."

फोटोवालीने पाहिलं. समोरची खुर्ची. पहिल्या वर्षी ती टेबलाखाली पूर्ण आत होती. चौथ्या वर्षी टेबलापासून चार बोटं बाहेर. जमिनीवरच्या लाद्यांच्या रेघा तिच्या पायांखाली एकामागून एक उघड्या पडत गेल्या होत्या. आजच्या फोटोत खुर्ची दीड लादी मागे होती आणि थोडी तिरकी, कुणीतरी उठून अदबीने मागे ओढावी तशी. माणूस सहज आत शिरून बसेल एवढी जागा. दहा वर्षं ती चमचा मोजत राहिली आणि खुर्ची चौकटीच्या मधोमध तिच्या डोळ्यांसमोर होती.

"रोज झाकपाक करताना मी ती आत सरकवते," आत्या म्हणाली. "सकाळी येते तर बाहेर. आधी वाटलं, झाडूवालीचं काम. नुसती चव बघायला कुणाला अकरा वर्षं लागतात का? त्यांना एकट्याला जेवायची कधी सवयच नव्हती."

"आणि तू बसतेस तिथे."

"पाय दुखतात."

"आत्या."

आत्या हलकेच म्हणाली, "बसलं की बरं वाटतं गं. काही ठरवावं लागत नाही."

स्वयंपाकघराच्या दारात चिमणी येऊन उभी राहिली होती, हातात डाव तसाच. तिने किती ऐकलं होतं, कळायला मार्ग नव्हता. पण ती आईकडे बघत होती आणि डावातून सूप तिच्या चपलेवर ठिबकत होतं. खिडकीजवळच्या टेबलावरून कुणीतरी घड्याळ बघितलं. वकील त्या माणसाच्या अंगावर ओरडायला वळला आणि तोंड उघडं ठेवून तिथेच थांबला.

आत्या कोपऱ्याकडे चालू लागली होती.

ती खुर्चीपाशी पोचली. तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तसा फोटोवालीला हॉटेलातला सगळा कलकलाट भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटला. आत्याचा देह सैल पडत होता, बसण्याआधी पडतो तसा. चिमणीच्या तोंडून "आई" एवढंच आलं, तेही अर्धं.

आत्या वाकली, आणि तिने खुर्ची आत ढकलली.

खुर्ची सरकली नाही. रिकामी लाकडी खुर्ची, गुळगुळीत लादी, आणि तरी पलीकडून कुणी पाय अडकवून धरल्यासारखी ती जागच्या जागी थरथरत राहिली. आत्याने तिला कंबर लावली. दात आवळून, हट्टी जनावराला गोठ्यात घालावं तसं, तिने ती इंच इंच करत पुढे रेटली, टेबलाला ठक्कन भिडेपर्यंत. मग घामाघूम होऊन ती ताठ उभी राहिली, वाडगा उचलला आणि चमचा बाजूला सारून सरळ तोंडाला लावला. वाडगा निवायला अजून बराच वेळ होता. जीभ भाजली असणार. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

तिने वाडगा खाली ठेवला. पलीकडच्या खुर्चीकडे, बेताच्या उंचीच्या माणसाचं तोंड जिथे आलं असतं नेमकं तिथे बघत, ती सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"अहो, ऐकताय ना? मीठ बरोबर आहे. त्या दिवशीही बरोबर होतं. तुमच्या हातून पडलेला चमचा मी तेव्हाच चाखला होता, आणि आजवर कुणाला बोलले नाही, ते माझं चुकलं. हे स्वयंपाकघर आजपासून चिमणीचं. चव तीच बघेल आणि वाढा म्हणून तीच सांगेल. तुम्ही उठा आता."