धाकटीचं नाव

मी कोडचा एक तुकडा बोलतोय. पडद्यावर एका नजरेत मावेन, एवढाच माझा जीव. काम दारावरच्या माणसाचं: कुठल्या संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर बसवलंय, ही बाहेरून येणारी माहिती नीट आत घ्यायची. मग कुठे काय जुनं, धोक्याचं झालंय ते कळतं आणि कोणीतरी जाऊन दुरुस्त करतं.

संगणक चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीची घराणी असतात. एकाच घरातल्या बहिणी. तोंडावळा तोच, नावं वेगळी. मला लिहिणाऱ्याने फक्त थोरलीचं नाव शिकवलं होतं. धाकटी आली की मी "अनोळखी" म्हणून परत पाठवायचो. लहान मुलांच्या एका दवाखान्यातले सगळे संगणक नेमके धाकटीचे. त्यांची विचारपूसच होईना.

तेव्हा मी कोड लिहिणाऱ्या एका बाईच्या हाती आलो. बाळंतपणाच्या वर्षभराच्या रजेवरून नुकतीच परतलेली, एक ओळ लिहून दोन खोडणारी. "जमेल ना मला?" असं मलाच विचारायची.

"अगं, एकाच घरातल्या ना? धाकटीला थोरलीचंच नाव लाव आणि मोकळी हो," शेजारचा सहकारी म्हणाला.

तिने लावलं. मी खूश. चाचणीत सगळ्यांना आत घेतलं, आणि थोरलीची दुरुस्ती झालीय म्हणजे धाकटीचीही झालीच, असं ठोकून दिलं. यादीत दवाखान्यापुढे हिरवी खूण, म्हणजे धोका नाही. संध्याकाळी मला कामाला जुंपायचं ठरलं.

दुपारी तिने आईला फोन लावला. "आमची धाकटी रांगतेयच गं अजून. तिची ताई या वयात घरभर पळत होती."

"ताईचं ताईपाशी. हिचे पाय हिचेच ना? तू जेवलीस का?"

फोन ठेवून तिने माझी थोरलीचं नाव लावलेली ओळ पुन्हा वाचली. मग दवाखान्यातला एक संगणक स्वतः तपासला. धोका जसाच्या तसा. धाकटीची दुरुस्ती वेगळी असते, आणि ती कोणी बसवलीच नव्हती.

"बरं झालं, माझं ऐकलं नाहीस," सहकारी म्हणाला.

"ऐकलंच होतं," ती म्हणाली आणि मला पुन्हा लिहायला बसली. माहिती वाचायची रीत घराण्याची. नाव आणि दुरुस्ती जिची तिची. संध्याकाळी दवाखान्यापुढे लाल खुणा उमटल्या, आणि एक जण दुरुस्तीला तिकडे निघालासुद्धा.

आता नव्या नव्या बहिणी दारात येतात. उद्या मला कोणी बदलायला घेतलंत, तर घराणं जरूर विचारा. नाव तेवढं मिटवू नका.

आणि ती? परवा फोनवर कोणाला तरी सांगत होती, "हो, रांगतेय अजून." आवाजात काळजी नव्हती. दुसऱ्या हाताने माझी एक ओळ नीट करत होती, न खोडता.